ग्रीन मॅककर्टन, चॉक्टॉ राष्ट्र आणि ओक्लाहोमा राज्याचा जन्म: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या इतिहासावर बोलताना ग्रीन मॅककर्टन हे नाव मी घेतलं की ठरावीक प्रश्न येतात. काही जण हे नाव पहिल्यांदाच ऐकत असतात, काहींना थेट ‘या माणसाने आपल्या लोकांची जमीन घालवली का?’ एवढंच विचारायचं असतं. ते सगळे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर ७, ८ आणि १४ हे तीन तरी वाचा.

१. ग्रीन मॅककर्टन कोण होते?

चॉक्टॉ राष्ट्राचे प्रमुख. जन्म १८४८ सालचा, स्कलीव्हिल इथला. शेरीफ, कौन्सिलचे सदस्य, सरकारी वकील, राष्ट्राचे खजिनदार अशा पायऱ्या चढत ते १८९६ मध्ये प्रमुखपदी निवडून आले. दोन वर्षांची एक मुदत, अशा सलग दोन मुदती त्यांनी पूर्ण केल्या. लागोपाठ तिसरी मुदत घ्यायला चॉक्टॉ घटनेत मनाई होती, म्हणून १९०० ते १९०२ गिल्बर्ट ड्यूक्स प्रमुख झाले. १९०२ मध्ये मॅककर्टन परत आले आणि डिसेंबर १९१० मध्ये मृत्यू येईपर्यंत पदावर राहिले. त्यांचे थोरले भाऊ जॅक्सन आणि एडमंड हेही त्यांच्या आधी प्रमुख होऊन गेले होते. एकाच घरातले तीन भाऊ, तिघंही प्रमुख.

ओक्लाहोमा हे राज्य १६ नोव्हेंबर १९०७ ला अस्तित्वात आलं, तेव्हा चॉक्टॉंचे प्रमुख हेच होते.

२. ‘टोळी’ न म्हणता ‘राष्ट्र’ का म्हणता?

कारण ते राष्ट्रच होतं. मराठीत ‘टोळी’ म्हटलं की डोळ्यांसमोर दरोडेखोर येतात किंवा टोळधाड. चॉक्टॉंकडे १८६० ची लिखित घटना होती. दोन सभागृहांचं कौन्सिल होतं, टस्काहोमा ही राजधानी होती, न्यायालयं होती, ‘लाइटहॉर्स’ नावाचं घोडदळी पोलीस दल होतं. खजिना आणि करही होते. मुलामुलींच्या निवासी शाळा राष्ट्राच्या पैशावर चालत. १८९१ ची जोन्स अकॅडमी आजही चालू आहे. आजूबाजूच्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या मुलांना शाळाच नव्हत्या, तेव्हा चॉक्टॉ मुलं इंग्रजी, गणित, लॅटिन शिकत होती.

ते स्वतःला ‘चाहता’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द वेगळाच गोड लागतो, अर्थाचा संबंध मात्र काही नाही.

३. आयर्लंडच्या दुष्काळात मदत पाठवणारे ते हेच लोक का?

हो, हेच. १८४७ मध्ये त्यांनी १७० डॉलर गोळा करून पाठवले. स्वतःच्या हद्दपारीला तेव्हा दीड दशक जेमतेम झालं होतं. ती सभा स्कलीव्हिललाच भरली होती, आणि पुढच्याच वर्षी त्याच गावी मॅककर्टन जन्मले. गावाच्या नावात पैसा आहेच: चॉक्टॉ भाषेत ‘इस्कुली’ म्हणजे नाणं, आणि वॉशिंग्टनकडून येणारी वार्षिक रक्कम तिथे वाटली जायची.

४. चॉक्टॉ मूळचे ओक्लाहोमाचेच का?

नाही. त्यांचा मुलूख मिसिसिपी. २७ सप्टेंबर १८३० च्या डान्सिंग रॅबिट क्रीक तहाने तो सोडायला लावला, आणि १८३१ ते १८३३ या काळात हजारो लोक पायी, बोटींतून, थंडीवाऱ्यात पश्चिमेला नेले गेले. वाटेत किती माणसं गेली याचा धड हिशेब कोणी ठेवला नाही.

पुढची सगळी गोष्ट समजायला त्या तहाचं चौथं कलम वाचायला हवं. अमेरिकेने त्यात लिहून दिलं होतं की चॉक्टॉंवर राज्य करणारे कायदे करण्याचा हक्क कुठल्याही प्रदेशाला वा राज्याला कधीच असणार नाही, आणि त्यांना दिलेल्या जमिनीचा कोणताही भाग कुठल्याही राज्यात कधीच समाविष्ट होणार नाही. ‘कधीच’ हा शब्द त्यांनीच घातला. मॅककर्टन प्रमुख झाले तेव्हा त्या शब्दाला ६६ वर्षं झाली होती.

५. जमीन सामाईक होती म्हणजे नक्की कशी? शेती कोण करायचं?

जमीन साऱ्या राष्ट्राची. सातबारा कोणाच्याच नावावर नाही. चॉक्टॉ नागरिकाने रिकामी जागा पाहावी, दुसऱ्याच्या कुंपणाला न खेटता घर बांधावं, शेत काढावं. घर, कुंपण, विहीर, फळझाडं ही त्याची मालमत्ता. ती विकता येई, वारसाने जाई. खालची माती मात्र विकता येत नसे.

हे चित्र सरसकट रम्य मात्र नव्हतं, हेही सांगायला हवं. ज्याच्याकडे भांडवल त्याने हजारो एकर कुंपणात घ्यायचे आणि बाहेरून आलेल्या गोऱ्या कुळांकडून कसून घ्यायचे, असं चालू झालं होतं. डोंगरातल्या गरीब कुटुंबाकडे मक्याचा एक तुकडा. कोळशाचा नियम तर असा होता की ज्या नागरिकाला कोळसा सापडेल त्याला त्या जागेभोवती एक मैल त्रिज्येत तो काढण्याचा हक्क. जेम्स मॅकअॅलेस्टर या गोऱ्या व्यापाऱ्याने चिकसॉ या शेजारच्या मूळ राष्ट्रातल्या मुलीशी लग्न करून दोन्ही राष्ट्रांचं नागरिकत्व मिळवलं आणि या नियमावर मोठा धंदा उभा केला. शहराला त्याचं नाव आहे, आणि पुढे तो ओक्लाहोमाचा उपगव्हर्नरही झाला.

६. मग हे मोडायची घाई कोणाला होती?

आधी रेल्वेला. अमेरिकेशी झालेल्या १८६६ च्या तहाने रेल्वेला वाट दिली आणि १८७२ मध्ये ‘केटी’ या रेल्वे कंपनीची लाइन चॉक्टॉ मुलखातून आरपार गेली. रेल्वेबरोबर कोळसा, कोळशाबरोबर खाणकामगार, त्यांच्यामागे दुकानदार, वकील, जमिनीचे दलाल. १८९० च्या शिरगणतीत चॉक्टॉ राष्ट्रात राहणाऱ्या सुमारे ४३,८०० लोकांपैकी चॉक्टॉ होते १० हजारांच्या आसपास. आपल्याच देशात ते चौथा हिस्सा उरले होते.

या बाहेरच्यांना तिथे मत नव्हतं, जमिनीची मालकी नव्हती, मुलांना शाळा नव्हती. त्यांची ओरड वॉशिंग्टनला ऐकू गेली. परवान्याशिवाय कोणी येऊ नये असा चॉक्टॉ कायदा होता, पण घुसलेल्यांना बाहेर काढण्याची जबाबदारी तहाने अमेरिकेकडे होती. ती तिने पाळली नाही, आणि नंतर ‘इथे गोऱ्यांची संख्या फार झाली’ हेच कारण पुढे केलं.

३ मार्च १८९३ च्या कायद्याने डॉज आयोग स्थापन झाला. काम एकच: पाच राष्ट्रांना, म्हणजे चेरोकी, चॉक्टॉ, चिकसॉ, क्रीक आणि सेमिनोल यांना, सामाईक जमीन माणशी वाटून घ्यायला आणि स्वतःची सरकारं गुंडाळायला राजी करणं.

७. प्रमुख असून मॅककर्टन वाटणीला तयार कसे झाले?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा रागाने येतो.

१८९६ ची निवडणूक चौरंगी झाली आणि मुद्दा उघड होता: डॉज आयोगाशी बोलायचं की नाही. मॅककर्टन यांचा टस्काहोमा पक्ष म्हणत होता, बोला. जेकब जॅक्सन, शुद्ध चॉक्टॉ रक्ताचे आणि शिकलेले नेते, म्हणत होते, तह आहे, तो पाळा, बोलायचं काय त्यात. न्यायाच्या बाजूने पाहिलं तर जॅक्सन यांचं म्हणणं तसूभरही चुकीचं नव्हतं.

मॅककर्टन यांचा हिशेब दुसरा होता. १० जून १८९६ ला अमेरिकी काँग्रेसने डॉज आयोगाला चॉक्टॉ नागरिकांच्या याद्या ठरवण्याचा अधिकार देऊन टाकला होता, राष्ट्राला न विचारता. नागरिक कोण हे दुसराच ठरवणार असेल तर वाटणीत जमीन कोणाला मिळेल तेही दुसराच ठरवणार. आपण नाही म्हटलं तर वाटणी थांबणार नाही, ती आपल्याशिवाय होईल, हे त्यांनी ओळखलं. खजिनदार राहिलेला माणूस होता, कागद वाचायची सवय होती. राष्ट्राकडे सैन्य नव्हतं, मित्र नव्हते, हातात फक्त तह होते आणि समोरचा तह मोडायला निघाला होता. अशा वेळी अटींवर भांडता येतं तोवर भांडून घ्यावं, असं त्यांनी ठरवलं.

दोन वर्षांत त्यांचा अंदाज खरा ठरला. २८ जून १८९८ च्या कर्टिस कायद्याने राष्ट्रांच्या संमतीशिवाय वाटणी करायची सोय केली. ज्यांनी करार केला नव्हता त्यांच्यावर कायदा जसाच्या तसा आदळला. चॉक्टॉ आणि चिकसॉ यांना निदान स्वतः घासाघीस केलेला अटोका करार लागू झाला.

मला विचाराल तर माझं मत मॅककर्टन यांच्या बाजूने झुकतं. पण जॅक्सन यांना ‘स्वप्नाळू’ म्हणून बाजूला सारणारी पुस्तकं वाचली की वाईट वाटतं. १९०६ मध्ये सिनेटच्या समितीपुढे उभं राहून या माणसाने मागितलं ते एवढंच: आमच्या वाट्याची जमीन आम्हाला विकू द्या, म्हणजे आम्ही मेक्सिकोला किंवा दक्षिण अमेरिकेत जाऊन आपल्या पद्धतीने राहू. तेही मिळालं नाही.

८. अटोका करारात त्यांनी नेमकं काय पदरात पाडलं?

करार २३ एप्रिल १८९७ चा. चॉक्टॉंच्या बाजूने वाटाघाटी करणाऱ्यांत मॅककर्टन स्वतः पुढे होते. चिकसॉ मतदारांनी तो आधी फेटाळला. मग तो कर्टिस कायद्यात घालून दोन्ही राष्ट्रांच्या एकत्र मतदानाला टाकला गेला आणि २४ ऑगस्ट १८९८ ला २,१६४ विरुद्ध १,३६६ मतांनी मंजूर झाला. म्हणजे विरोध किरकोळ नव्हता.

त्यातल्या तीन गोष्टी माझ्या मते खऱ्या कमाईच्या. पहिली, कोळसा आणि डांबराच्या खाणी वाटणीतून बाहेर. त्या दोन्ही राष्ट्रांच्या सामाईक राहिल्या आणि त्यांची रॉयल्टी मुलांच्या शिक्षणासाठी राखली गेली. त्या वाटल्या गेल्या असत्या तर कोळसा कंपन्यांनी त्या एकेका गरीब शेतकऱ्याकडून कवडीमोलाने उचलल्या असत्या. दुसरी, वाटणीत मिळालेली जमीन मूळ मालकाच्या नावावर असेपर्यंत, २१ वर्षांच्या मर्यादेत, करमुक्त. या ओळीची पुढची हकिकत प्रश्न १६ मध्ये आहे. तिसरी, चॉक्टॉ सरकार लगेच बरखास्त न होता ४ मार्च १९०६ पर्यंत चालू राहणार होतं.

गमावलं ते मोठंच होतं. यापुढे कौन्सिलचा ठराव अमेरिकी अध्यक्षांनी मान्य केला तरच लागू. गावठाणं मोजून विक्रीला. शाळांवर वॉशिंग्टनचा अधीक्षक.

९. प्रत्येकाला किती जमीन मिळाली? सगळ्यांना सारखी?

किमतीने सारखी, आकाराने नाही. १९०२ च्या पुरवणी कराराने प्रत्येक चॉक्टॉ आणि चिकसॉ नागरिकाचा, म्हणजे तान्ह्या मुलाचाही, वाटा ठरला ‘सरासरी प्रतीच्या ३२० एकर’ जमिनीएवढा. त्याची किंमत १,०४१.२८ डॉलर धरली. जमिनीचा दर प्रतीप्रमाणे एकरी साडेसहा डॉलरपासून २५ सेंटपर्यंत. त्यामुळे नदीकाठची काळी कसदार जमीन घेतली तर सुमारे १६० एकरांत वाटा संपे, आणि खडकाळ डोंगर घेतला तर ४,१६५ एकर मिळत.

वाट्यापैकी १६० एकर ‘होमस्टेड’, म्हणजे घरवाट्याची जमीन, ठरावीक काळ विकता येत नसे. इमारती लाकडाचं जंगल, १३ लाख एकरांहून जास्त, वाटणीतून वगळून विक्रीला काढलं. कोळशाची चार लाख एकरांहून अधिक जमीनही वेगळी ठेवली होती. ती विकायची असं ठरूनही दशकं रेंगाळली आणि अखेर १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकी सरकारने ८५ लाख डॉलरला घेतली.

१०. चॉक्टॉंकडे गुलाम होते ना? त्यांचं काय झालं?

होते. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १८६६ च्या तहाने गुलामी संपली, पण मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना चॉक्टॉ नागरिकत्व मिळायला १८८५ उजाडलं. वाटणीत त्यांना ३२० एकर नाही, ४० एकर. त्यांच्या नावांची यादीही वेगळी, सुमारे ६ हजार जणांची. त्या वेगळ्या यादीमुळे त्यांचे वंशज आज चॉक्टॉ सदस्यत्वाबाहेर आहेत, कारण १९८३ च्या घटनेने ‘रक्ताने चॉक्टॉ’ अशी नोंद असलेल्यांचे वंशज एवढेच सदस्य मानले. त्यांची मागणी अजून संपलेली नाही.

११. खोट्या नागरिकांचं प्रकरण काय होतं?

३२० एकर फुकट मिळणार म्हटल्यावर ‘माझी आजी चॉक्टॉ होती’ सांगणारे हजारोंनी उगवले. फेडरल न्यायालयांनी त्यातल्या बऱ्याच जणांना नागरिकही ठरवून टाकलं. मॅककर्टन यांनी हे दावे निकराने लढवले. प्रत्येक खोटा नागरिक म्हणजे खऱ्याच्या वाट्यातून गेलेली जमीन. १९०२ च्या करारात खास नागरिकत्व न्यायालय आलं आणि त्याने बहुतेक दावे फेटाळले.

किंमतही तशीच पडली. मॅन्सफील्ड, मॅकमरे आणि कॉर्निश या वकिलांच्या पेढीला साडेसात लाख डॉलर फी मंजूर झाली. त्या काळात एवढी रक्कम ऐकून वॉशिंग्टनमध्येही गदारोळ झाला होता.

१२. १९०२ मध्ये टस्काहोमात सैन्य का आलं?

निवडणुकीत मॅककर्टन यांच्यासमोर थॉमस हंटर होते आणि मावळते प्रमुख ड्यूक्स यांचा पाठिंबा हंटर यांना होता. मतमोजणी कौन्सिलसमोर व्हायची, म्हणून दोन्हीकडचे हत्यारबंद लोक टस्काहोमाच्या कौन्सिल भवनाभोवती जमले. फेडरल अधिकाऱ्यांमध्येही एक हंटरकडे, एक मॅककर्टनकडे. शेवटी अमेरिकी सैन्याची तुकडी आली, कौन्सिल बसलं, मोजणीत मॅककर्टन विजयी ठरले.

१३. सिक्वोया राज्य म्हणजे काय? मॅककर्टन वेगळ्या राज्याच्या बाजूने होते की विरोधात?

आधी कोणत्याच राज्याच्या बाजूने नव्हते. पण ४ मार्च १९०६ जवळ येत होता आणि शेजारच्या ओक्लाहोमा प्रदेशात विलीन होणं त्यांना सर्वांत वाईट पर्याय वाटत होता. मग पाच राष्ट्रांच्या मुलखाचं स्वतंत्र राज्य का नको?

२१ ऑगस्ट १९०५ ला मस्कोगीत अधिवेशन भरलं. अध्यक्ष क्रीक प्रमुख प्लेझंट पोर्टर, सचिव क्रीक कवी अलेक्झांडर पोझी, आणि चॉक्टॉंच्या वतीने उपाध्यक्ष मॅककर्टन. राज्याचं नाव ठरलं सिक्वोया, चेरोकी लिपी घडवणाऱ्याच्या नावावरून. राजधानी फोर्ट गिब्सन, ४८ काउंट्या, दारूबंदी. ७ नोव्हेंबरच्या मतदानात ५६,२७९ बाजूने, ९,०७३ विरोधात. मतदार सगळे मूळ रहिवासी नव्हते. गोऱ्यांनीही मोठ्या संख्येने मत दिलं होतं.

वॉशिंग्टनने साधी चर्चाही नीट केली नाही. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी डिसेंबरमध्ये दोन्ही प्रदेशांचं एकच राज्य करा असं सुचवलं. दोन राज्यं म्हणजे चार सिनेटर, आणि ते बहुधा विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे, हा हिशेब रिपब्लिकन काँग्रेसला परवडणारा नव्हता. मॅककर्टन स्वतः रिपब्लिकन असूनही त्याचा काही उपयोग झाला नाही. १६ जून १९०६ ला एकत्र राज्याचा कायदा झाला.

या अधिवेशनात तयार झालेले हॅस्केल आणि मरे हे दोन गोरे पुढारी पुढे नव्या राज्यात चमकले: हॅस्केल पहिले गव्हर्नर झाले, मरे घटना समितीचे अध्यक्ष. मूळ प्रमुखांच्या वाट्याला तसं काही आलं नाही.

१४. करारात ४ मार्च १९०६ ही तारीख होती, मग मॅककर्टन १९१० पर्यंत प्रमुख कसे?

हा प्रश्न विचारणाऱ्याने प्रश्न ८ नीट वाचलेला असतो, त्याचं मला कौतुक वाटतं.

जमिनीचे मालकी पट्टे चॉक्टॉ प्रमुख आणि चिकसॉ गव्हर्नर अशा दोघांच्या सहीने निघायचे. जमीन मूळ राष्ट्राची, तेव्हा ती देणाराही राष्ट्राचाच प्रतिनिधी हवा. मार्च १९०६ उजाडला तरी हजारो पट्टे बाकी होते. सरकार संपवलं तर सही कोण करणार? म्हणून काँग्रेसने आधी घाईने ठराव करून आणि मग २६ एप्रिल १९०६ च्या कायद्याने राष्ट्रांची सरकारं पुढे चालू ठेवली.

चालू ठेवली, पण कशी ते पाहा. कौन्सिलने वर्षात ३० दिवसांपेक्षा जास्त बसायचं नाही. प्रमुखाने काम टाळलं तर अमेरिकी अध्यक्ष त्याला काढून दुसरा नेमू शकतील. आणि कागद सहीला तयार असल्याची सूचना मिळूनही ३० दिवसांत प्रमुखाने सही केली नाही, तर मूळ रहिवाशांचा कारभार ज्यांच्याकडे होता ते वॉशिंग्टनमधले ‘इंटीरियर’ खात्याचे मंत्री त्याच्याऐवजी मंजुरी देतील. सही करण्याचा अधिकार ठेवला, न करण्याचा काढून घेतला.

मॅककर्टन यांची अखेरची चार-पाच वर्षं या अवस्थेत गेली. साठीच्या घरातला माणूस, किंटा या लहान गावी राहणारा, आपल्या राष्ट्राची सामाईक जमीन एकेक पट्ट्याने दुसऱ्यांच्या नावे करून देतोय. ते पद सोडून गेले असते तर कोणी दोष दिला नसता. गेले नाहीत. सही करणारा आपला असेल तर निदान पट्टा कोणाच्या नावे चाललाय याकडे लक्ष राहील, असा त्यामागचा विचार मला दिसतो. हे माझं वाचन, त्यांचे शब्द नव्हेत.

१५. राज्य झालं त्या दिवशी काय घडलं?

गथ्री या शहरात समारंभ झाला आणि त्यात एक प्रतीकात्मक लग्न लावलं: ‘ओक्लाहोमा प्रदेश’ हा नवरा, ‘इंडियन टेरिटरी’, म्हणजे पाच राष्ट्रांचा मुलूख, ही नवरी. नवरीची संमती विचारली गेली होती सिक्वोयाच्या मतदानात, आणि तिचं उत्तर प्रश्न १३ मध्ये आहे. १९०७ च्या शिरगणतीप्रमाणे नव्या राज्यात १४ लाखांहून जास्त लोक होते, त्यांतले जवळपास निम्मे पूर्वीच्या इंडियन टेरिटरीतले.

‘ओक्लाहोमा’ हा शब्दही चॉक्टॉंचाच. ‘ओक्ला’ म्हणजे लोक, ‘हुम्मा’ म्हणजे लाल. १८६६ च्या तहाच्या बोलण्यांत अॅलन राइट यांनी तो सुचवला. त्याच वर्षी ते चॉक्टॉंचे प्रमुख झाले. नाव त्यांचं, राज्य दुसऱ्यांचं.

१६. वाटणीत मिळालेली जमीन लोकांकडून गेली कशी? आणि करमुक्तीचं काय झालं?

२७ मे १९०८ च्या कायद्याने अर्ध्याहून कमी मूळ रक्ताच्या लोकांच्या जमिनींवरची विक्रीबंदी उठली. लहान मुलांच्या जमिनी काउंटी न्यायालयांच्या हाती गेल्या आणि न्यायालयांनी नेमलेल्या ‘पालकां’नी त्या विकून, गहाण टाकून, भाडं खाऊन संपवल्या. इंग्रजी न येणाऱ्या माणसाकडून अंगठा घ्यायला किती वेळ लागतो, हे आपल्याकडच्या आदिवासी भागांत सावकारी पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको.

बंदी उठलेल्या जमिनींवर ओक्लाहोमाने कर लावला. तेव्हा आठ हजारांवर चॉक्टॉ आणि चिकसॉ लोक न्यायालयात गेले. त्यांचा आधार एकच होता, अटोका करारातली करमुक्तीची ओळ. १९१२ मध्ये चोट विरुद्ध ट्रॅप या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ही करमुक्ती सरकारची मेहेरबानी नव्हे, ती त्या लोकांनी सामाईक हक्क सोडून मोबदल्यात मिळवलेली मालमत्ता आहे. नंतरचा कायदा ती काढून घेऊ शकत नाही. मॅककर्टन यांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं नव्हतं. अटोकात त्यांनी काय मिळवलं, असं कोणी विचारलं की मी आधी हा खटला सांगतो.

१७. त्यांच्यावर पैशाचे आरोप झाले होते का?

झाले. उरलेली सामाईक मालमत्ता विकून देण्यासाठी वकील मॅकमरे यांनी चॉक्टॉ व चिकसॉ लोकांशी वैयक्तिक करार केले होते, मोठ्या टक्केवारीचे. १९१० मध्ये सिनेटर गोर यांनी हे करार पार पडावेत म्हणून आपल्याला लाच देऊ केल्याचं सिनेटमध्ये सांगितलं आणि चौकशी लागली. त्या गदारोळात मॅककर्टन घराण्याचंही नाव निघालं. आयुष्याचं शेवटचं वर्ष त्यांचं या सावटाखाली गेलं.

माझं म्हणणं एवढंच की त्या काळातल्या चॉक्टॉ राजकारणातले पुढारी धुतल्या तांदळासारखे नव्हते. सत्ता मोजक्या, मिश्ररक्ताच्या, सधन घराण्यांकडे होती आणि मॅककर्टन त्यांतले एक होते. शुद्ध रक्ताच्या डोंगरी चॉक्टॉंनी त्यांच्यावर पूर्ण विश्वास टाकला नाही, याला कारणं होती.

१८. त्यांच्यानंतर प्रमुख कोण झालं? पद बंद पडलं का?

पद राहिलं, निवडणूक गेली. १९११ मध्ये अमेरिकी अध्यक्षांनी व्हिक्टर लॉक धाकटे यांना नेमलं आणि नेमणुकांचाच काळ सुरू झाला. लोकांनी मत देऊन प्रमुख निवडण्याची पद्धत कायद्याने नीट परत आली ती १९७० च्या कायद्यानंतर, १९७१ मध्ये.

मॅककर्टन हे नाव मात्र नकाशावर राहिलं. ओक्लाहोमाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या काउंटीला त्यांच्या घराण्याचं नाव आहे.

१९. मॅकगर्ट निकालाचा याच्याशी काय संबंध?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा ९ जुलै २०२० चा मॅकगर्ट निकाल क्रीक राष्ट्राबाबत होता: ओक्लाहोमा राज्य झालं, जमीन वाटली गेली, तरी काँग्रेसने क्रीक राखीव प्रदेश, म्हणजे तहाने त्यांच्यासाठी राखलेला मुलूख, संपवल्याचं कुठेही स्पष्ट लिहिलेलं नाही, म्हणून तो फौजदारी कायद्यापुरता कायम आहे. मग प्रश्न आला चॉक्टॉंचा. त्यांचा तर अटोका करार होता, प्रमुखाच्या सहीचा. त्याने तरी हद्द संपली का?

एप्रिल २०२१ मध्ये ओक्लाहोमाच्या फौजदारी अपील न्यायालयाने सायझमोर खटल्यात उत्तर दिलं: नाही. १८३० च्या तहापासूनचे कागद तपासले गेले. चॉक्टॉ राखीव प्रदेश काँग्रेसने संपवल्याचा स्पष्ट शब्द सापडला नाही. वाटणी झाली होती, सरकार आखडलं होतं, पट्ट्यांवर मॅककर्टन यांच्या सह्या होत्या. हद्द मात्र जागेवर होती.